घराचं डोस्कं

पावसाचा पाईप मोकळा होताना येणारा आवाज ऐकलाय का तुम्ही कधी? आधी नुसतं बुडबुड, मग आत खोल कुठेतरी गुरगुर, आणि मग एकदम घळ्ळकन सगळं खाली अंगणात! मी परवा ऐकला, आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. आता तुमची पाळी.

घट बसायच्या आधीचे दिवस. धाराशिवात तेव्हा ज्याच्या त्याच्या घरी दसरा काढायची धांदल असते. गोधड्या, डबे, पंखे, देव्हारा, काही म्हणजे काही धुण्यातून सुटत नाही. जळमटं काढून मी जरा दारात टेकलो, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "घर धुतलंस लेकरा, पर घराचं डोस्कं कवा धुणार?"

गेलो गच्चीवर. आणि काय सांगू! कठड्याच्या कोपऱ्यात, जिथे सगळा उतार येऊन मिळतो, तिथल्या पाईपच्या तोंडावर एक अख्खं जग साचलं होतं. वाळत घातलेल्या उडदाची टरफलं, फाल्गुनात गळलेली लिंबाची पानं कुजून झालेला काळा चिखल, पारव्यांची पिसं, संक्रांतीच्या पतंगाचा मांजा, शाम्पूची पुडी. त्या चिखलात मूळ धरून बसलेलं पिंपळाचं रोपटं! चांगलं वीतभर. त्याची मुळं स्लॅबच्या फटीत शिरायला निघाली होती. उपटलं तेव्हा भारी वाटलं.

विलायतेत म्हणे याच सुमाराला पन्हाळी साफ करतात, कारण तिकडे तेव्हा पानं गळतात. आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. तरी मुहूर्त हाच का? तर पाऊस अजून संपलेला नसतो! मृगापासून वाहून आलेली घाण तोंडाशी गोळा झालेली आणि मराठवाड्यातला सप्टेंबर म्हणजे भरवशाच्या पावसाचा महिना, त्यामागून परतीचा पाऊस. तो रिमझिमत नाही, ओततो. 2025 मध्ये ऐन नवरात्राच्या तोंडावर परंडा आणि भूम तालुक्यांत काय झालं ते आठवा. दुष्काळी म्हणवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात पुरातून माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. पुराला गच्चीचा पाईप पुरत नाही, हे कबूल. पण आपल्या डोक्यावरचं पाणी तरी आपल्या हातात आहे.

आणि ते किती असतं, हे कागदावर मांडलं तेव्हा तर मी उडालोच. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. तीस बाय तीस फुटांची साधी गच्ची घ्या, जवळजवळ 84 चौरस मीटर. तोंड बंद आणि वर 100 मिलिमीटर पाणी तुंबलं, तर स्लॅबवर आठ टनांहून जास्त वजन! तेच तोंड मोकळं ठेवून पाईप टाकीत किंवा बोअरच्या शोषखड्ड्यात सोडला, तर 50 मिलिमीटरच्या एका पावसात चार हजार लिटर पाणी. शेजारच्या लातूरला 2016 साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि आपण हे चार हजार लिटर भिंतीत मुरवून पोपडे पाडून घेतो. डासांचं तर वेगळंच. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा उडता होतो. गच्चीवरचं डबकं त्याला आयतंच.

आजी खालून हुकूम सोडत होत्या. पाणी ओतायच्या आधी हातानं घाण घमेल्यात काढायची, नाहीतर सगळी पाईपातच ढकलली जाते. मग तोंडाला जाळी बसवायची. चढायचं ते उघडीप बघून, शेवाळावर पाय न देता. एवढं झाल्यावर त्या माळवदाच्या गोष्टीवर आल्या आणि माझा दिवसच बदलला.

त्यांचं माहेर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं. लाकडाच्या तुळया, त्यावर चिलपटं, वर पांढरीची माती. मृगाच्या आधी ती माती नीट करायची, भिंतीबाहेर आलेल्या पन्हाळी काठीनं मोकळ्या करायच्या, आणि पावसाळ्यात वर गवत उगवलं की ते उपटायचं. घरातल्या पोरांचं कामच ते. पण पुढे गळलं की माती टाक, पुन्हा गळलं की पुन्हा टाक, असं वर्षानुवर्षं होत गेलं आणि छतं जड होत गेली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारी-सास्तूरच्या टापूतल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि ही जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. आजी तिथे गप्प झाल्या, मीही. तेव्हापासून मला छतावरचं वजन वेगळंच दिसतं. माती असो की तुंबलेलं पाणी, वर ठेवायचं कमीत कमी.

तर आता माझी नजरच बिघडलीय. कुणाकडे चहाला गेलो तरी आधी वर बघतो. नंतर पाहुण्यांना घेऊन नळदुर्गच्या किल्ल्यावर गेलो. सगळे फोटो काढत होते, आणि मी? मी म्हणालो, अरे ही तर पन्हाळ! बोरी नदी अडवून इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, 1613 साली बांधलेलं धरण, त्याच्या पोटात पाणीमहाल, आणि पाणी वाढलं की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून ते बाहेर झेपावतं. आत माणूस कोरडा उभा, खिडकीबाहेर पाणी कोसळतंय! चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यानं पाणी अडवायच्या आधी ते सोडायचं कुठून, याचा विचार करून ठेवला होता. पाहुणे माझ्याकडे बघतच राहिले. बघू देत.

उमरग्याच्या ताईला रात्रीच फोन लावला. म्हटलं, तुमच्याकडे पत्र्याला पन्हाळ आहे ना, ती मी येऊन साफ करतो, दाजींना हात लावू देऊ नकोस. ती म्हणाली, "ये की. येताना शिडी मात्र तुझी तू आण."