सीसीची पायरी आणि रानाचा वापसा

रोज ऊस, हुमणी, ठिबक यावर लिहितो, आज जरा वेगळं. बरेच जण विचारतात, त्या फोटोतला चिखलात माखलेला गाडीवाला कोण? तर तो मीच. गेली नऊ वर्षं शेतीचं काम सांभाळून मोटारसायकल रेस खेळतोय. हौस म्हणून. पोट शेतीवरच आहे.

रेसमध्ये गट असतात. गाडी किती सीसीची, देशी की परदेशी, चालवणारा नवखा की मुरलेला, यावर गट पडतो. कृषी विद्यापीठाचे साहेब वाणांची चाचणी घेताना माती, पाणी, खत सारखं ठेवतात, तेव्हाच वाणातला फरक कळतो. इथंही तसंच. गाड्या सारख्या केल्या की माणूस दिसतो.

माझी सुरुवात मातीच्या ट्रॅकवर नवख्यांच्या गटात झाली. ट्रॅक्टर आणि जेसीबीनं उंचवटे करतात, टँकरनं पाणी मारतात. पाणी जास्त झालं की चाक घसरतं. कमी पडलं की वर फुफाटा आणि खाली तवा. मधल्या अवस्थेत, म्हणजे आपल्या भाषेत वापशावर, बटण टायर मातीत रुततो आणि पकड मिळते. रेसच्या आधी मी वळणावरची माती मुठीत दाबून बघायचो. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, तर ती जागा धरायची. शहरातली पोरं हसायची. पण दोन-तीन फेऱ्यांत आतल्या बाजूला चाकोरी पडते, तिथं सगळे अडकतात, आणि बाहेरची ओलसर माती कुणीच वापरलेली नसते. मी तिथनं जायचो.

पुढचा गट २६० सीसीपर्यंतच्या देशी गाड्यांचा. तिथं ताकदीपेक्षा ब्रेकचं गणित अवघड. वेग ८० वरून १०० केला तर वाढ पावपट दिसते, पण थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणून ब्रेकची खूण प्रत्येक गटात नव्यानं शोधावी लागते. बंगळुरूचा सी. एस. संतोष असल्याच मातीतनं पुढं गेला आणि २०१५ साली डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. आपण तेवढे मोठे नाही, पण शाळा तीच.

मग डांबरी ट्रॅक. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक. टीव्हीएसच्या वन मेक स्पर्धेसारख्या गटात गाडी कंपनीच देते, सगळ्यांना एकसारखी. फेरीच्या वेळेवर निवड होते. आपण हेल्मेट, लेदर सूट, हातमोजे, बूट घेऊन जायचं. ज्याला गाडी विकत घ्यायला परवडत नाही, त्याच्यासाठी हीच वाट. लहान इंजिनवर वळणात वेग सांडला, की तो परत भरायला अख्खा सरळ पट्टा जातो. त्यामुळं गाडी वळणात पळवायला शिकावं लागतं. मोठ्या गाडीवर ताकदीनं झाकलेली चूक इथं उघडी पडते.

गेल्या हंगामात पुढचा गडी वळणात आडवा झाला, मी त्याच्यावरनं गेलो. कॉलर बोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. नेमकी लागणीची वेळ. बायकोनं आणि आण्णांनी लागण काढली. त्यानंतर वरच्या ३१० सीसीच्या गटाच्या निवडीला उतरायची संधी आली. घरात बोलणं झालं. आण्णा एवढंच म्हणाले, "तू पडलास की रातचं पाणी कोण धरणार?" बायको म्हणाली, "अहो, जायचं तर जावा, पण आधी ठिबकचं बघा. मग मला रातचं पाण्यावर जावं लागणार नाही."

दोन दिवस विचार केला. प्रवास, टायर, सूट यांचा वर्षाचा खर्च आणि तीन एकराचं ठिबक शेजारी शेजारी लिहिलं. ठिबक केलं. यंदा खालच्याच गटात खेळतोय. गट तोच, पण माझी फेरीची वेळ सव्वा सेकंदानं कमी झालीय. वरच्या गटात जाणं म्हणजेच प्रगती असं नाही, हे आपल्याला ठाऊक असायला पाहिजे. एकर वाढवण्याआधी एकरी उतारा वाढवतो तो शेतकरी शहाणा. पुढच्या वर्षी लागण आणि तोडीच्या तारखा बघून ३१० चं ठरवू.

गावातल्या पोरांना एक सांगणं. हायवेवर, बांधाच्या रस्त्यावर रेस लावू नका. समोरनं उसाचा ट्रॅक्टर येतो, तो गट बघत नाही. हौस असेल तर एफएमएससीआयचं लायसन्स काढून ट्रॅकवर उतरा. तिथं डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स उभी असते. सुरुवात कशी करायची ते विचारा, मला माहीत आहे तेवढं सांगतो.

आज रानात वापसा चांगला आलाय. बाळबांधणीला निघतो.