एकवीस किलोमीटर बडोदं

थंडी ओसरायला लागली की बडोद्यात एक रविवार मॅरेथॉनचा असतो. त्या दिवशी पहाटे चारपासून दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर, मांजलपूर अशा सगळ्या भागांतून स्कूटरी नवलखीच्या मैदानाकडे निघालेल्या दिसतात. स्वेटरखाली टी-शर्ट, टी-शर्टवर चार सेफ्टी पिनांनी टोचलेला नंबर आणि मागे बसलेल्या आईच्या हातात केळ्यांची पिशवी.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. गेली चार वर्षं या मॅरेथॉनमध्ये अर्धी, म्हणजे 21 किलोमीटरची धावतो. आपल्या मंडळाच्या बऱ्याच घरांतून कुणी ना कुणी धावतं, आणि त्या प्रत्येक घरात कुणीतरी विचारतंच, "एवढं पळून मिळतं काय?" माझ्या एकट्याच्या उत्तरावर कुणाचं समाधान होत नाही. म्हणून यंदा बरोबर धावलेल्या काही जणांना बोलतं केलं. नावं कुणाचीच देत नाही. बडोदेकरांना ती ओळखू येतीलच.

हे खूळ नवीन नाही

पहाटे उठून घाम गाळणारी माणसं बडोद्याने फार पूर्वीपासून पाहिली आहेत. दांडिया बाजाराकडचं जुम्मादादा व्यायाम मंदिर आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. जुम्मादादा उस्ताद होते आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांनी त्या आखाड्याचं नाव देशभर नेलं. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादलेला मराठीतला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश याच शहरातून निघाला. सयाजीराव महाराजांनी शाळा आणि ग्रंथालयं काढली तशी व्यायामालाही राजाश्रय दिला. तेव्हा हातात स्मार्टवॉच नव्हतं, एवढाच फरक.

बेळगावच्या वाचकांसाठीही एक आठवण. 1920च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले फडेप्पा चौगुले बेळगावचे. त्या वर्षीचं अंतर आजच्या 42.195 किलोमीटरपेक्षा जास्त, 42.75 किलोमीटर होतं. चौगुल्यांनी ते 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पार केलं आणि ते एकोणिसावे आले. आज जेल, कार्बन प्लेटचे बूट, घड्याळ असं सगळं असूनही आमच्या ग्रुपमधल्या एकालाही ती वेळ गाठता आलेली नाही.

सरावाचा रस्ता

शर्यत एका दिवसाची, सराव सोळा आठवड्यांचा. खरं शहर दिसतं ते या सरावात.

आमचा रस्ता ठरलेला. दांडिया बाजारातून निघायचं, सुरसागरच्या काठाने न्यायमंदिराकडे, लहरीपुरा दरवाज्यातून मांडवी. तिथून फिरून रावपुऱ्याचा टॉवर, कोठी, काळा घोडा आणि सयाजीबागेच्या दाराशी पाणी प्यायला थांबा. जुने लोक अजून कमाटीबागच म्हणतात. हवा चांगली असली तर विश्वामित्रीचा पूल ओलांडून युनिव्हर्सिटीच्या घुमटापर्यंत जाऊन परत.

दिवसा मोटारीतून या रस्त्याने जाताना मला फक्त पुढच्या गाडीचा नंबर दिसतो. पहाटे साडेपाचला पायी गेलं की दुकानांच्या वरच्या मजल्यांवरच्या लाकडी खिडक्या दिसतात, फुलवाल्यांच्या टोपल्या उतरत असतात, दूधवाला हात करतो. मांडवीत एक आजोबा दर रविवारी ओट्यावर बसून आम्हाला मोजतात. एखादा गैरहजर असला की विचारतात, "आजे एक ओछो केम?" आजारी आहे असं सांगितलं तर पुढच्या रविवारी त्याची आठवणीने चौकशी होते.

पुलावर आम्ही सगळेच नकळत खाली वाकून बघतो. भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरी आहेत, हे बाहेरून आलेल्या पाहुण्यांना खरं वाटत नाही. 2024च्या ऑगस्टमध्ये याच नदीचं पाणी घराघरांत शिरलं. तेव्हा आमचा सराव तीन आठवडे बंद होता. ग्रुपवर 'उद्या किती किलोमीटर?' ऐवजी 'उद्या कुणाकडे?' असे मेसेज येत होते, आणि आम्ही खराटे-फावडी घेऊन एकमेकांच्या घरातला चिखल उपसत होतो. एरवी एकमेकांचा वेग तेवढा माहीत असणाऱ्यांनी एकमेकांची घरं आतून पाहिली ती तेव्हा.

त्या पहाटे

नवलखीचं मैदान लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं. नवरात्रात इथे गरबा रंगतो, त्यामुळे गर्दीची या मातीला सवय आहे. शर्यतीच्या पहाटे मात्र गर्दी वेगळीच. व्हॅसलिनचा आणि वेदनाशामक मलमांचा वास, पोर्टेबल स्वच्छतागृहांपुढे न संपणारी रांग, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत असतो, "मी आज आरामात धावणार आहे." यावर कुणीही विश्वास ठेवू नये.

मार्ग वर्षागणिक थोडाफार बदलतो, म्हणून वळणं सांगत बसत नाही. बदलत नाही ते एवढंच. पहिले पाच किलोमीटर अंधारात आणि उत्साहात जातात. सहाव्या-सातव्याला सूर्य वर येतो आणि रस्त्याच्या कडेला लोक दिसू लागतात. कुणी ढोल घेऊन, कुणी संत्र्याच्या फोडी घेऊन, कुणी नाइट ड्रेसवर, दात घासता घासता. लहान मुलं टाळीसाठी हात पुढे करून उभी असतात. आणि नवव्या किलोमीटरला एक तरी काकू ओरडतात, "चालो चालो, थोडुंज बाकी छे!" त्या वेळी माझे बारा किलोमीटर बाकी असतात. पण काकूंचा आवाज असा असतो की पाय खरंच उचलतात.

पंधरानंतर गप्पा बंद. अठरानंतर माझा मेंदू गणित करायचं सोडतो. किलोमीटरला सात मिनिटं धरली तर 21.1 किलोमीटरला दोन तास अठ्ठावीस मिनिटं लागतात, हा हिशोब घरी तोंडपाठ असतो. तिथे आठवत नाही. यंदा मला 2 तास 24 मिनिटं लागली. माझ्या पुढे शेकडो लोक होते आणि मागेही शेकडो.

बरोबरच्यांचं काय?

माझी आत्या एकोणसाठ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. काका गेल्यानंतर दीड वर्ष ती घराबाहेर फारशी पडत नव्हती. शेजारच्या दोघींनी तिला कमाटीबागेत चालायला नेलं. चालण्यातून मधूनमधून पळणं आलं आणि यंदा तिने 10 किलोमीटर पूर्ण केले, एक तास छत्तीस मिनिटांत. तिची मुलगी कॅनडात. तिथे शनिवारची रात्र होती आणि ती फोनवर आईच्या चिपची वेळ बघत जागी होती. आत्याला विचारलं, मेडल कुठे लावलंस? म्हणाली, "कपाटात आहे. मला त्याचं काही नाही रे. रस्त्यात माझ्या शाळेतली तीन मुलं भेटली. केवढी झालीत! एक तर पोलीस आहे, चौकात उभा होता. त्याने सलाम ठोकला." मेडलपेक्षा त्या सलामाबद्दल ती आठवडाभर बोलत होती. महिलांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली ती 1984 साली, लॉस एंजेलिसला. आत्या तेव्हा शाळा-कॉलेजच्या वयाची. मुलींनी रस्त्यावर पळायचं नसतं, हे तिला तेव्हा घरातच सांगितलेलं होतं.

माझा मामेभाऊ मुंबईत नोकरी करतो. तिकडचीही धावतो, इकडचीही. तो म्हणाला, "तिकडे मी माझ्या घड्याळाशी पळतो. आयोजन, गर्दी, सगळं भव्य असतं. इथे दर दोन किलोमीटरला कुणीतरी नावाने हाक मारतं. थांबून चालायला लागायची सोय नाही, संध्याकाळपर्यंत मामीला कळतं." मध्यम आकाराच्या शहरातल्या शर्यतीचं हे सुख आहे, आणि ही पंचाईतही.

तिसरा अनुभव माझ्या शाळेतल्या मित्राचा. हा लेख लिहावासा वाटला तो त्याच्यामुळे. वय सदतीस, आमच्या ग्रुपमधला सगळ्यांत नियमित. सोळा आठवड्यांत एकही रविवार चुकवला नाही. शर्यतीत चौदाव्या किलोमीटरला त्याला छातीत दाब जाणवला. दुखणं म्हणण्याइतकं नाही, फक्त दाब, आणि डावा हात जड. समोर सात किलोमीटर राहिलेले. शेवटच्या रेषेवर त्याचा अकरा वर्षांचा मुलगा हाताने रंगवलेला फलक घेऊन उभा. कडेचे लोक टाळ्या वाजवत होते आणि "थोडुंज बाकी छे" ओरडत होते.

तो थांबला. वैद्यकीय मदतीच्या टेबलाशी गेला, काय होतंय ते नीट सांगितलं आणि रुग्णवाहिकेत बसला. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. दोन दिवसांनी स्टेंट घातला.

आम्हाला हे कळलं ते मैदानावर, फोटो काढताना. फलक घेतलेला मुलगा अजून रेषेकडे बघत उभा होता. त्याला घेऊन मी आणि आत्या हॉस्पिटलात गेलो. मित्र खाटेवर बसून होता, टी-शर्टवर नंबर तसाच. मुलाने विचारलं, "बाबा, तुम्ही हरलात?" तो म्हणाला, "नाही रे, अर्ध्यात घरी आलो."

नंतर निवांत भेटलो तेव्हा त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत देतो: "पळताना थांबायचं ठरवायला मला साधारण एक मिनिट लागलं. त्या मिनिटात मी काय काय सांगितलं स्वतःला! गॅस असेल, सकाळचं केळं असेल, लोक काय म्हणतील, मुलगा बघतोय. पुढे जायची शंभर कारणं होती. थांबायचं एकच होतं."

डॉक्टरांच्या परवानगीने तो आता रोज चालतो. पुढच्या वर्षी मुलगा 5 किलोमीटर पळणार आहे आणि बाबा त्याच्यासाठी फलक धरून उभे राहणार आहेत.

आता पहिला प्रश्न

पळून काय मिळतं? वजन कमी होतं म्हणावं, तर माझं फक्त दोन किलो उतरलं आणि तेही शर्यतीनंतरच्या सेव उसळीने परत आलं. पण आमची चौथी पिढी या शहरात राहते, तरी ऑफिसात कुणी नवीन भेटलं की आडनाव ऐकून विचारतं, "एटले तमे मूळ क्यांना?" पूर्वी मी गावाचं नाव सांगून मोकळा व्हायचो. पणजोबा ज्या गावाहून आले ते मी एकदाच पाहिलं आहे, तेही लग्नाला गेलो तेव्हा. आता मी सांगतो, दांडिया बाजारचा. या शहराचा चढ कुठे आहे, कुठल्या गल्लीत कुत्री मागे लागतात, मांडवीच्या ओट्यावर कोण बसतं, हे मला पायांनी माहीत आहे.

यायचं असेल तर

आपल्या तरुण वाचकांपैकी कुणाला पुढच्या वर्षी यावंसं वाटलं, तर चार गोष्टी.

सुरुवात 5 किंवा 10 किलोमीटरने करा. बरोबरचा मित्र 42 म्हणतोय म्हणून आपण 42 म्हणायचं नाही. पूर्ण मॅरेथॉनमध्ये साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास शरीरात साठवलेली साखर संपत येते आणि पाय दगडासारखे होतात. त्याची तयारी महिनोन् महिने करावी लागते.

तिशी-पस्तिशी ओलांडली असेल, घरात हृदयविकार किंवा मधुमेह असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या. नियमित पळतो म्हणजे आपल्याला काही होणार नाही, हा समज आमच्या ग्रुपमधून आता गेला आहे.

नवे बूट शर्यतीच्या दिवशी घालू नका. पाणी घोट घोट प्या. नुसतं साधं पाणी ढसाढसा पिणंही धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम उतरतं. थोडं मीठ-साखर पोटात जाऊ द्या.

आणि छातीत दाब, चक्कर, जबडा किंवा हात जड होणं यातलं काहीही वाटलं तर थांबा. पुढचा फेब्रुवारी येतोच.

पळायचं नसेल तरी या. सकाळी साडेसहाला रस्त्याच्या कडेला उभे राहा, संत्र्याच्या फोडी करून आणा आणि ओरडा. फक्त नवव्या किलोमीटरला "थोडंच राहिलंय" म्हणू नका, एवढी विनंती. शर्यत संपल्यावर आम्ही सगळे कीर्तिस्तंभाकडे सेव उसळ खायला जमतो. तरी भरपूर मिळते. नंबर लावलेला नसला तरी चालतं.