बारीक म्हणजे किती?

‘बारीक’ या शब्दाइतका जाडाभरडा शब्द मराठीत दुसरा नसेल. भिंगारमधली आमची गिरणी मात्र याच एका शब्दावर चालते. सौभाग्यवती ज्वारीचा डबा हाती देऊन ‘बारीक आणा’ म्हणते, मी निरोप पोचवतो, गिरणीवाला मान डोलावतो. पुढे भाकरी थापताना चिरली, की गुन्हेगार कोण? ज्वारी मालदांडी होती का, जुनी होती का, दगडाला टाकी कधी लावली, पीठ किती गरम निघालं. कुणी लिहून ठेवलंय?

शेजारचा मुलगा खनिजांच्या प्रयोगशाळेत आहे. दिवाळीला आला तेव्हा हे त्याला सांगितलं. वाटलं, हसेल. तर म्हणाला, “काका, आमच्याकडंही हेच रडगाणं!” त्याच्या आधीच्या साहेबांनी वहीत एवढंच लिहिलं होतं : ‘नमुना गोळ्यांच्या गिरणीत 30 मिनिटं दळला.’ साहेब निवृत्त झाले, वही उरली. हा दोन महिने दळतोय, पण तशी भुकटी पडत नाही.

पिंपाचा व्यास किती, पोलादी गोळ्या केवढ्या आणि किती किलो, माल किती, कोरडा की पाण्यात, शेवटी चाळणी कुठली, काही म्हणून काही नाही. आमच्याकडं व्हाउचरवर नुसतं ‘किरकोळ’ लिहिलं तरी ऑडिटर जेवत नाही हो!

फेऱ्यांची तर गंमतच. फ्रेड बाँड या अमेरिकन गृहस्थाच्या चाचणीत पिंप 305 मिलिमीटर व्यासाचं, आत 285 गोळ्या, मिनिटाला 70 फेरे. त्या पिंपात साधारण 77 फेऱ्यांना गोळ्या भिंतीला चिकटून नुसत्या गरगरतात, दळण बंद! हा क्रांतिक वेग. पिंप मीटरभर व्यासाचं घेतलं, तर तो 43 च्या आसपासच येतो. म्हणजे व्यास न सांगता ‘70 फेरे’ लिहिणं म्हणजे गावाचं नाव न घालता पत्र टाकणं. आणि या छोट्या पिंपातल्या आकड्यांवरून कारखान्याची मोठी गिरणी किती वीज खाणार ते ठरतं, तेव्हा चूक भाकरीएवढी राहत नाही.

शेवटी पोरानं साहेबांचा फोन नंबर मिळवला. साहेब खूश झाले. म्हणाले, “30 मिनिटं? ती आपली अंदाजे रे. गोळ्यांचा आवाज बदलला, की मी बटण बंद करायचो.”

“कसा बदलायचा, सर?”

साहेबांनी फोनवर तो आवाज काढून दाखवला.