भोपळ्यातली कॅसेट

मिरजेत वाढलेल्या पोरांना तारेचा आवाज नवा नसतो. आमच्या घरात तर पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे माळ्यावर रचलेले असत. अब्बा सतारी-तानपुऱ्यांची जवारी काढायचे. दरवर्षी ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होई. अब्बा आम्हां दोघा भावांना शेजारी बसवून घ्यायचे आणि आम्ही पेंगत असू. ते गाणे आम्हांला फार उशिरा कळले. खरे सांगायचे तर एका रॉक बँडमुळे कळले, हे अब्बांना सांगण्याची हिंमत मात्र कधी झाली नाही.

१९९८ साल. शेजारी केबल होती. तिथे एके दिवशी 'सयोनी' लागले आणि आम्ही उठायचे विसरलो. 'जुनून' हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकले. डॉक्टरी शिकून गिटार हातात घेतलेला सलमान अहमद, गळा फाडून गाणारा लाहोरचा अली अजमत, आणि बेस गिटार वाजवणारा ब्रायन ओकॉनेल. हा ब्रायन अमेरिकन, सलमानचा न्यू यॉर्कमधला शाळासोबती! इलेक्ट्रिक गिटारच्या गडगडाटाखाली चक्क तबला चालू होता. उरसात कव्वाली ऐकताना पोटात जे कालवायचे, तेच इथे जीन्स घालून आले होते.

ईदीचे पैसे एकत्र करून 'आझादी'ची कॅसेट घेतली. ती रात्रंदिवस वाजू लागली. एका चुलत भावाने गाणे-बजावणे हराम असल्याचे सुनावले. अम्मीने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "ये चाय बी तारांकी कमाईकी है, बेटा." त्याने चहा घेतला.

आम्हांला धास्ती होती ती अब्बांची. ते घोडी घासत बसले होते. तारेखाली सूत सरकवायचे, छेडायचे, पुन्हा घासायचे. गिटारचा एक लांब तुकडा आला तसा त्यांचा हात थांबला. "सतार नइं ये," ते म्हणाले, "पन तार खींचना आता इसकू." सतारीवर मींड काढताना तार बाजूला ओढतात, तसेच तो पोरगा गिटारवर करतो आहे, हे त्यांनी तार ओढून दाखवले. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा मींड ऐकली. आयुष्यभर कानावर पडत होती, ऐकली तेव्हाच.

त्याच मे महिन्यात पोखरण झाले, मग चगाई. जुनूनचा त्या वर्षी भारतात दौरा झाला होता. त्यांनी अणुस्फोटांवर टीका केली, आणि त्यांच्याच सरकारने त्यांना सरकारी टीव्ही-रेडिओवर बंद केले. तिकडे ते भारताचे मित्र ठरले. इकडे आम्ही कोणाचे ठरणार होतो, ते कळायला एक वर्ष लागले.

१९९९चा उन्हाळा. कारगिल. आमचा एक जिवलग वर्गमित्र कॅसेट घेऊन गेला होता. आमच्याइतकाच वेडा, 'खुदी' त्याला तोंडपाठ. त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणली. "घरी नको म्हणतात," एवढेच बोलला. आमच्याकडे मात्र त्याने पाहिले नाही. कॉलेजात दुसऱ्या कोणी तरी "तुमचा बँड काय म्हणतो?" म्हणून विचारले. 'तुमचा' या शब्दावर त्याने जरा जास्तच जोर दिला. आम्ही हसलो. हसून म्हणालो, "छे, आम्ही नाही ऐकत."

कोणी धमकी दिली नव्हती, दारावर दगड पडला नव्हता. तरीही घरी येऊन कपाटावरचे चित्र आम्ही फाडले आणि कॅसेट माळ्यावरच्या एका भोपळ्यात टाकली. ज्यांना खरोखर बंदी झाली होती ते गात राहिले. आमच्यावर कोणी बंदी घातली नव्हती, आणि आम्ही गप्प झालो. ही लाज अजून जात नाही.

पावसाळ्यानंतर अब्बांनी भोपळा उचलला, आत काही तरी खडखडले. कॅसेट बाहेर आली. त्यांनी आमच्याकडे पाहिले. काही विचारले नाही. फुंकर मारून धूळ उडवली, धोतराच्या जुन्या तुकड्याने पुसली आणि खाँसाहेबांच्या कॅसेटींच्या रांगेत उभी केली. त्याच वर्षी जुनूनचा 'परवाझ' आला, बुल्लेशाहच्या काव्यावर बेतलेला. तो आम्ही अब्बांबरोबर बसून ऐकला, आवाज मोठा ठेवून. खिडकी मात्र लावलेली होती.

पुढे ब्रायन आणि अली बाहेर पडले, बँड विस्कटला. आम्हीही विस्कटलो, एक पुण्यात, एक शारजात. अब्बा गेले. डिसेंबर २०१८मध्ये ते तिघे कराचीत पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. त्याची चित्रफीत आम्हां दोघांना सर्वांत आधी कोणी पाठवली असेल? त्याच वर्गमित्राने. खाली एकच ओळ होती : "कॅसेट आहे का अजून?"

फीत केव्हाच बुरशीने चिकटली आहे. आम्ही लिहिले, "आहे."