बर्फावरचे पहिले पाऊल

चार अंश सेल्सिअसचे पाणी सर्वांत जड. ते तळाशी राहते, बर्फ वर धरतो, म्हणून खाली मासे जगतात. हा धडा आम्ही उर्दू शाळेत दरवर्षी शिकवतो. पण कॅनडातल्या भाईजाननी जानेवारीत टोरांटोच्या उत्तरेच्या सिमको सरोवरावर मासेमारीला नेले, तेव्हा काठावरच आमचे पाय थिजले.

भाईजाननी गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजली. सात इंच! "नितळ बर्फ चार इंच असला तरी माणूस पेलतो. पांढरा असेल तर दुप्पट हवा." आमच्या गळ्यात त्यांनी दोन टोचे अडकवले. बर्फ फुटलाच तर ते रोवून वर यायचे आणि उभे न राहता सरपटत निघायचे. बिस्मिल्लाह म्हणून आम्ही पाऊल टाकले.

हातभर काठी, तळाजवळ सोडलेला गळ. तासाभराने वीतभर पिवळा पर्च लागला. हात कापत होते, ते थंडीनेच नव्हे.

परतल्यावर वर्गात एका मुलीने विचारले, "सर, बर्फ सचमुच आदमी का बोझ उठा लेती है?"

उठवते, पण आधी मोजावी लागते, असे आम्ही सांगितले. आणि आम्ही घाबरलो होतो, हेही.