वसईचे सरकारी इतिहासकार

राज्यकर्त्यांना इतिहास लागतो तो बहुधा हक्क, महसूल आणि संरक्षण यांच्यासाठी. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली. 1595 मध्ये दियोगो दो कोउतो याची गोव्याच्या दप्तरखान्यावर नेमणूक झाली; अधिकृत बखर लिहिण्याचे कामही त्याच्याकडेच होते. पुढे या कामावर आलेल्या अंतोनियो बोकारोने 1635 मध्ये पोर्तुगिजांच्या ठाण्यांचे वर्णनात्मक पुस्तक तयार केले. त्यातील आराखडे पेद्रो बार्रेतो द रेझेंद याचे आहेत. वसईचाही आराखडा त्यात आहे.

हा आराखडा हाती घेऊन प्रस्तुत लेखक वसईच्या किल्ल्यात शाळकरी मुलांना फिरवतो. तट, बुरूज, समुद्राकडचा दरवाजा, जमिनीकडचा दरवाजा बऱ्याच अंशी जुळतात. मात्र इथे कोण राहत होते, असे एखादे मूल विचारते तेव्हा बोकारो तोकडा पडतो. तो घरे आणि तोफा मोजतो. गुलाम मोजतो तेही लढाईच्या उपयोगाचे म्हणून. विहिरीवर पाणी भरणारी बाई त्याच्या हिशेबात बसत नाही. ते स्वाभाविकच होते: वाचणार होता राजाचा दरबार.

ब्रिटिशांचा गॅझेटियर वेगळ्या गरजेतून निघाला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचे खंड 1882 मध्ये प्रसिद्ध झाले. माहिती मुख्यतः जिल्ह्यातील अधिकाऱ्यांकडून मागवलेली, तरी त्यामागे पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या अभ्यासकांचे कष्ट होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भगवानलालांनी नालासोपाऱ्याचा बुरुड राजाचा कोट खणला. हा कोट म्हणजे बौद्ध स्तूप निघाला. आतल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, मैत्रेयासह आठ कांस्यमूर्ती, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे होते. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांना मिळाला. महसुली कामासाठी छापलेल्या ग्रंथात सोपाऱ्याचे प्राचीनत्व असे ठळकपणे आले. आज नालासोपारा स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला स्तूप सांगितला तर पत्ता समजावून सांगावा लागतो. कोट म्हटले की रिक्षा लगेच वळते. सरकारी पुस्तकापेक्षा गावाच्या तोंडातली खूण जास्त टिकली, असे म्हणायला हरकत नाही.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पण त्या मोहिमेचा कागदोपत्री पुरावा सर्वांच्या हाती पडायला जवळजवळ दोनशे वर्षे गेली. पेशव्यांच्या कागदपत्रांचे रुमाल पुण्यात सरकारच्या ताब्यात होते. इनामांचे दावे उकरले जातील, या भीतीने ब्रिटिश अधिकारी ते सहसा कोणाला दाखवत नसत. 1930 ते 1934 या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली मुंबई सरकारने निवडक कागद 45 खंडांत छापले. वसईच्या मोहिमेची पत्रेही त्यांत आहेत. मोडीतून बालबोधीत आलेल्या या पत्रांत मोर्चे, सुरुंग, दारूगोळ्याची टंचाई, जखमींची विचारपूस असे सगळे सापडते. किल्ल्यातल्या सेंट सेबॅस्टियन बुरुजाजवळ उभे राहून ती मोठ्याने वाचली की मुले गप्प बसून ऐकतात. बोकारोच्या आकड्यांना हे जमत नाही. निवड मात्र सरदेसाईंची होती, आणि छापले त्याहून न छापलेले किती तरी अधिक होते.

गॅझेटियरची परंपरा पुढे राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाकडे आली. ठाण्याची सुधारित आवृत्ती 1982 ची आहे. त्यानंतर 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. आगाशीची केळीची वाडी, अर्नाळ्याचा कोळीवाडा आणि विरारच्या चाळी यांची माहिती शोधणाऱ्याला या आवृत्तीतही ठाणे हेच नाव धुंडाळावे लागते.