कारण तुम्ही सांगा, आई



मामंजी गेल्यापासून आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, घर आणि मंदिर सोडून कुठेच जाईनात. सकाळी अभिषेक, दुपारी माळ, सूर्य मावळायच्या आत जेवण, की मग पलंग. डॉक्टर म्हणाले, यांना चालतं ठेवा. दुसरीकडे माझ्या सातवीतल्या लेकीच्या हातचा मोबाइल सुटत नव्हता. म्हणून मागच्या पाडव्याला मी ठरवलं, चातुर्मास सोडून महिन्यातून एकदा तिघींनी बोरीच्या बाहेर पडायचं. बाग, अभयारण्य, संग्रहालय, जे जवळ असेल ते बघायचं.

आईंनी पहिल्याच दिवशी अडवलं. "काहून जायाचं? काम नसताना हिंडणं म्हणजे प्रमादचर्या."

बोलणं खोटं नव्हतं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या प्रमादचर्येत विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, झाडपाला तोडणं यांच्या जोडीला विनाकारण फिरणं-फिरवणंही येतं. मी म्हटलं, "मग विनाकारण जायचंच नाही. दर वेळी कारण तुम्ही सांगा, आई."

पहिलं कारण सोपं होतं, कारंज्याचं दर्शन. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तिन्ही मंदिरं झाली. इथल्या भांडारातल्या अपभ्रंश पोथ्या डॉ. हीरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात संपादून छापल्या, हे मी लेकीला सांगितलं. तिला पोथ्यांपेक्षा कारंजा-सोहोळ अभयारण्यातले काळवीट आवडले. गवतातून उड्या मारत जाणारा कळप बघून तिने विचारलं, "आजी, यांना खायला कोण घालतं?" आई म्हणाल्या, "कोणी नाही. अन् कोणी बांधतही नाही." त्या दिवशी आई बऱ्याच दिवसांनी हसल्या.

पुढे वर्धा. कारण होतं गांधीजींचं घर. सेवाग्रामच्या बापूकुटीत मातीच्या भिंती आणि मोजकं सामान बघून आई दारातच थांबल्या. "अपरिग्रह आपण वाचतो, यांनी राहून दाखवला," एवढंच म्हणाल्या. मगन संग्रहालयात, ज्याचं उद्घाटन १९३८ साली गांधीजींनीच केलं, चरखे बघताना तर त्याच लेकीला समजावत होत्या.

पण परतताना गाडी पंक्चर झाली आणि रस्त्यातच सूर्य मावळला. डबा भरलेला, पण आईंनी घासच काय, पाण्याचा घोटही घेतला नाही. रात्रभर मला झोप नाही. म्हातारं माणूस आपल्या हौसेपायी उपाशी राहिलं, आता हे फिरणं बंदच, असं मनाशी ठरवलंही. सकाळी पारणं झाल्यावर आई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तासभर आधी निघू." पुढची खेप! मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

चातुर्मासात घरीच राहिलो. ओल्या गवतात नि मुंग्यांच्या रांगांत पाय टाकायचा नाही, म्हणून आई सज्जातच फेऱ्या घालायच्या, मोजून एकशे आठ.

दिवाळीनंतर नागपूरचं संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ सालचा. या वेळी कारण मीच पुढे केलं. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीला जमिनीत सापडलेल्या जुन्या जैन धातुमूर्ती तिथे आहेत. मूर्तिजापूर म्हणताच आई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या शकुंतलेचं शेवटचं ठेसन! तुझे मामंजी किती वेळा गेले असतील त्या गाडीनं."

मूर्तींसमोर येताच आईंनी चपला काढल्या. लोक बघू लागले. लेक लाजून पुटपुटली, "आजी, हे मंदिर नाही." आईंनी उत्तर दिलं नाही. हात जोडून मनात णमोकार म्हणत राहिल्या. मला मात्र वाईट वाटत होतं. ना अभिषेक, ना अष्टद्रव्य, काचेआड नुसती चिठ्ठी. बाहेर आल्यावर तसं बोलले. आई म्हणाल्या, "ज्यांना राग-द्वेष नाही त्यांना काय कमी? अभिषेक आपल्या मनाला लागतो, बाई, त्यांना नाही. मी इतके दिवस घरात बसून काय कमी झालं तेच मोजत होते."

परत वळून बघते तर लेक पुन्हा आत गेली होती. चपला हातात धरून त्याच मूर्तींसमोर उभी होती.

तुम्हीही निघणार असाल तर चार गोष्टी सांगते. गाळलेलं पाणी आणि दशम्या घरूनच घ्या. संग्रहालयाचा सुट्टीचा वार आधी विचारा. गवतातून नाही, पायवाटेनेच चाला. आणि सूर्यास्ताच्या दोन तास आधी परत फिरा, पंक्चरचा हिशोब धरून.

यंदाच्या पाडव्याला मी विचारलं, "आई, या महिन्याचं कारण?"

"आता पोरीला विचार," त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.